फ्रीजमधलं ते अँपूल

पत्र : "डॉक्टर मॅडम, मी ३५ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला आहे. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते. बाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो, जत्रेतल्या कुस्त्या मारल्यात. आता वजन ९८ किलो आहे. वर्षभर झालं, अंगात रग म्हणून राहिली नाही. कामावरनं आलो की नुसतं पडून राहावंसं वाटतं, चिडचिड होते, बायकोजवळ जायची इच्छा होत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. गेल्या महिन्यात रात्रपाळी करून झोपलो, उठून जेवलो आणि दुपारी चारला लॅबमध्ये रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन २३१ आलं. कागदावर ३०० च्या पुढं पाहिजे असं छापलंय. जिमचा ट्रेनर म्हणाला, दर तीन आठवड्याला एक इंजेक्शन घे, पहिल्यासारखा होशील. त्यानंच एक अँपूल आणून दिलं. ते फ्रीजच्या दारात लिंबांच्या मागं ठेवलंय. बायकोला बी-कॉम्प्लेक्सचं आहे म्हणून सांगितलंय. ती म्हणते, मी झोपेत फार घोरतो, त्यानं थकवा येतो. घेऊ का इंजेक्शन? एकदा घेतलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का? आणि बायकोला खरं सांगू का?"
– एक वाचक, करवीर तालुका

नमस्कार.

ते इंजेक्शन आत्ता घेऊ नका. आधी हे एवढं वाचा, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला बाकी सगळं बाजूला ठेवायला लावलं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. ट्रेनरनं तुम्हाला हे विचारलं होतं का? तुम्ही त्याला सांगितलं होतं का? मला वाटतं, हा विषय निघालाच नसेल. आणि इथंच मोठा घात होतो. ज्या माणसाला बाप व्हायचंय त्याच्यासाठी बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन उलटं काम करतं. इच्छा वाढेल, अंगात जोर आल्यासारखं वाटेल, पण वीर्यातले शुक्राणू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात.

हे कसं होतं ते सांगते. तुमच्या घरावर पाण्याची टाकी असेल आणि तिला फ्लोट असेल. पाणी उतरलं की मोटार सुरू होते, टाकी भरली की बंद. आता त्या टाकीत टँकरनं वरून पाणी ओतलं तर काय होईल? फ्लोट वर येईल आणि मोटार बंद पडेल. आपल्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. एलएच वृषणांना सांगतं की टेस्टोस्टेरॉन बनवा, एफएसएच सांगतं की शुक्राणू बनवा. सुईतून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला टाकी भरलेली दिसते आणि ती दोन्ही हार्मोन्स आवरती घेते. रक्तातला आकडा छान ६०० दिसतो, पण खुद्द वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन आटतं. शुक्राणू तयार व्हायला आतलं हे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीनं जास्त लागतं. ते नसलं की कारखाना थांबतो. बरेच महिने हे चाललं तर वृषणांचा आकारही कमी होतो.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याचीच चाचणी घेतली होती. निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट (इंजेक्शनातलं टेस्टोस्टेरॉनचं एक रूप) दिलं. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नव्हता. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. जे आधीपासून कमी असतात, ते पुन्हा किती येतील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

माझ्या दवाखान्यात अशी जोडपी येतात. दोन-तीन वर्षं बायकोच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, नवस, सगळं झालेलं असतं. नवऱ्याची वीर्यतपासणी कुणी सांगितलेली नसते, किंवा त्यानंच टाळलेली असते. मग कधीतरी बायको बाहेर बसलेली असताना तो हळूच म्हणतो, "मॅडम, जिममध्ये एक कोर्स केला होता." ते वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्या माऊलीनं तोवर सासरचं सगळं बोलणं ऐकून घेतलेलं असतं.

आता तुमचा २३१ चा आकडा. टेस्टोस्टेरॉन दिवसभर एकसारखं नसतं. झोपेत चढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. जेवल्यावर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, तात्पुरतं आणखी खाली जातं. म्हणून रक्त द्यायचं ते सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि एकदा नाही तर दोन वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही दिलं दुपारी चारला, जेवून, तेही रात्रपाळीच्या आठवड्यात, जेव्हा शरीराचं घड्याळच उलटंसुलटं झालेलं असतं. त्या आकड्यावरून मी तरी तुम्हाला कमतरता आहे असंही म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात चार-पाच रात्री नीट झोपल्यावर पुन्हा तपासा. ताप किंवा दुसरं आजारपण असेल तेव्हा तपासू नका, कुठल्याही आजारात हा आकडा पडतो.

दोन्ही वेळा खरोखर कमी आलं, तर पुढचा प्रश्न "किती कमी?" हा नसून "का कमी?" हा असतो. त्यासाठी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच, दूध आणणारं हार्मोन) तपासतात. एलएच चढलेलं असेल तर मेंदू ओरडून सांगतोय पण वृषणांना जमत नाही, म्हणजे दोष तिथं आहे. मोठ्या वयात गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का, कधी पीळ पडला होता का, मार लागला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. काही पुरुषांना जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात आणि मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत अनेकांना ते कळतही नाही. एलएच कमी किंवा नुसतं जेमतेम असेल तर गडबड वरच्या बाजूला. कधी ती पिट्युटरीतली गाठ असते. सारखं डोकं दुखणं, बाजूचं कमी दिसणं, छातीतून दुधासारखा स्राव येणं यातलं काही असेल तर वेळ घालवू नका. पण तुमच्या वयात, तुमच्या वजनात, बहुतेक वेळा जे निघतं ते लठ्ठपणा, साखर आणि झोप. आणि हो, पूर्वी कधी स्टेरॉइडचा कोर्स केला असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वजन जास्त असणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक खोच असते. रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, एसएचबीजी. लठ्ठपणात ते कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, कामाचं टेस्टोस्टेरॉन तेवढं पडलेलं नसतं. ते वेगळं मोजता येतं. चाचण्यांबरोबर साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघा, कारण "अंगात रग नाही" हे या तिघांमुळेही होतं.

तुमच्या मिसेसनी पकडलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. घोरणं. त्यांना एक विचारा : घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतो का? तसं असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. रात्रभर शरीराला खोल झोप मिळत नाही, प्राणवायू खाली-वर होत राहतो. सकाळी थकवा, दिवसा पेंग, चिडचिड, इच्छा नसणं, म्हणजे तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं त्यात येतात. आणि उपचार न घेतलेल्या अ‍ॅप्नियात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं तर तो आजार बळावू शकतो. हे एकच कारणसुद्धा सुई थांबवायला पुरेसं आहे.

तालमीबद्दल बोलायला हवं. माझे मामा गंगावेशीजवळच्या एका तालमीत जायचे. पहाटे जोर-बैठका, मातीत लढत, मग बदामाची थंडाई, तूप, म्हशीचं धारोष्ण दूध. तेवढा घाम गाळणाऱ्या अंगाला तो खुराक लागतोच. पण कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नाही आणि चाळिशीत मामांचं पोट लंगोटाच्या पट्टीवर आलं. आपल्याकडं हे घरोघरी आहे. तुमच्या ९८ किलोंत किती खुराक आहे, किती पाळी सुटल्यावरची मिसळ-पाव आहे, हे तुम्हालाच ठाऊक. पोटावरच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं आणि ते इस्ट्रोजेन पुन्हा पिट्युटरीला "बस झालं" म्हणून सांगतं. म्हणजे चरबी वाढली की हार्मोन पडतं, हार्मोन पडलं की चरबी आणखी साठते. हे चक्र वजन उतरवूनच फिरवता येतं. दहा किलो कमी झाले तरी आकड्यात फरक दिसतो, आणि तो तुमच्या स्वतःच्या शरीरानं केलेला असतो, त्यात शुक्राणूंचं नुकसान नाही.

भट्टीचंही लक्षात घ्या. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते थंड राहावेत म्हणून. शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी कमी तापमान त्यांना लागतं. आठ-आठ तास वितळलेल्या लोखंडासमोर जाड पँट घालून उभं राहणाऱ्याच्या शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. काम सोडा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण सुपरवायझरला सांगून काही महिने मोल्डिंग किंवा डिस्पॅचकडं बदली मिळते का ते बघा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज केलेल्या बदलाचं फळ तीन महिन्यांनी मोजायचं.

आता या इंजेक्शनला मी वाईट म्हणतेय असं समजू नका. ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याला ते आयुष्य परत देतं. एक चोवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडं आला होता. दाढी-मिशा नाहीत, आवाज कोवळा, कॉलेजात मित्र नाव ठेवायचे म्हणून घराबाहेर पडणं बंद. क्लाइनफेल्टर निघालं. त्याला हार्मोनतज्ज्ञांकडं पाठवलं, इंजेक्शनं सुरू झाली. वर्षभरानं तो आला तेव्हा हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलेलं होतं, त्यावर तुरटी लावून पांढरं झालेलं. मी विचारलं तर म्हणाला, "पहिल्यांदाच केली दाढी, जमली नाही." तो हसत होता. त्या मुलासाठी हे औषध आयुष्यभराचं आहे आणि ते त्यानं घ्यायलाच हवं.

पण ते कसं दिलं जातं बघा. तुमच्याकडचं अँपूल बहुधा चार एस्टरचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या चार रूपांचं, मिश्रण असावं. २५० मिलिग्रॅमच्या त्या अँपूलमध्ये ३० प्रोपिओनेट, ६० फिनाइलप्रोपिओनेट, ६० आयसोकॅप्रोएट आणि १०० डिकॅनोएट असतं. पहिलं लवकर रक्तात उतरतं, शेवटचं सावकाश. सगळं शेंगदाणा तेलात विरघळवलेलं असतं. आपल्या घरी ज्या तेलात कांदाभजी तळतो तेच, फक्त शुद्ध केलेलं. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला ते चालत नाही. पहिल्या आठवड्यात पातळी झटकन वर जाते, तिसऱ्या आठवड्यापर्यंत खाली येते, आणि माणूसही तसाच वर-खाली होतो. आधी तडफ, मग चिडचिड. एनान्थेट किंवा सिपिओनेट दर आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांनी १५० ते २०० देतात, त्यात हे हेलकावे जरा कमी. अनडिकॅनोएट एरंडेल तेलात असतं. १००० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर, नितंबाच्या स्नायूत खोलवर, दोनेक मिनिटं लावून अगदी सावकाश. दुसरं सहा आठवड्यांनी, मग दर १० ते १४ आठवड्यांनी. त्यातलं तेल चुकून शिरेत गेलं तर फुप्फुसात पोचून लगेच खोकला, दम लागतो, म्हणून सुई दिल्यावर माणसाला काही वेळ बसवून ठेवतात. जिमच्या चेंजिंग रूममध्ये कुणी मित्र टोचतोय, हे मला विचारातसुद्धा सहन होत नाही.

आणि सुई टोचून काम संपत नाही. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं, आणि हा त्रास मलमापेक्षा इंजेक्शनात जास्त दिसतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवावं लागतं, कारण रक्त घट्ट होऊन गुठळी धरायची भीती असते. म्हणून सुरू करण्याआधी, तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढं दरवर्षी तपासणी. चाळिशीपुढच्यांची प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी. हृदयाचं काय, असं तुमच्या मनात येईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांवर पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा नुसतं साधं जेल दिलं होतं. हार्ट अटॅक आणि पक्षाघात औषधामुळे वाढले नाहीत, ही दिलाशाची गोष्ट. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या. तेही निदान पक्कं करून, मोजून-मापून दिलेल्यांत. हे औषध शेड्यूल एचमध्ये येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. तुमच्या ट्रेनरनं ते कुठून आणलं, आत नक्की काय आहे, हे त्यालाही माहीत असेल का?

तो ट्रेनर तालमीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनाही हेच देत असेल, ही शंका माझ्या मनातून जात नाही. त्या वयात बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथंच थांबते. स्पर्धेतल्या डोपिंग चाचणीत सापडला तर बंदी येते ती वेगळीच. गावात तुमचा शब्द कुणी ऐकत असेल तर त्या पोरांच्या कानावर हे घाला.

तुमचा दुसरा प्रश्न, आयुष्यभर लागतं का. वृषण किंवा पिट्युटरीच निकामी असेल तर हो, लागतं. वजन आणि झोपेमुळे पडलं असेल तर नाही, ते परत येऊ शकतं. पण गरज नसताना सुरू करून मध्येच सोडलं, तर स्वतःची मोटार पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो आणि त्या महिन्यांत माणसाला आधीपेक्षाही वाईट वाटतं. मग तो पुन्हा सुईकडं वळतो. लोकांना "सुटत नाही" वाटतं ते यामुळे. आणि तपासणीत खरी कमतरता निघाली आणि मूल हवं असेल, तर त्यालाही वाट आहे. पिट्युटरीचा दोष असेल तर एचसीजीची (एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, लागल्यास सोबत एफएसएच, काहींना क्लोमिफीनच्या गोळ्या. ही औषधं वृषणांना स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतात, शुक्राणूंचं काम सुरू राहतं. हे हार्मोनतज्ज्ञांनी ठरवायचं, ट्रेनरनं नाही आणि मीही नाही.

आता पत्नीला सांगायचं का. भाऊ, आजच सांगा. त्यांना वाटत असेल की तुमचं त्यांच्यावरचं मन उडालंय. जवळ न येणाऱ्या नवऱ्याबद्दल बाई दुसरा काय अर्थ लावणार? "माझी तब्येत बरी नाही, तुझं काही चुकलेलं नाही" एवढं ऐकलं तरी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. आणि मूल का नाही याची चौकशी घरात फक्त त्यांनाच होत असणार. आईला तुम्ही स्वतः सांगा की आम्ही दोघं तपासण्या करतोय. कोल्हापुरात पुरुषानं असं बोलणं सोपं नाही, मला माहीत आहे. पैलवान घरात तर त्याहून अवघड. पण तुम्ही अनोळखी डॉक्टरीणबाईला एवढं मोकळं पत्र लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला जमतं.

ते अँपूल लिंबांच्या मागून काढा. तसंही हे तेलातलं औषध फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं. ते कचऱ्यात टाकू नका, खोक्यासकट डॉक्टरांना दाखवा. पुढच्या दिवसपाळीच्या आठवड्यात दोन सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. वीर्यतपासणीही करा, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवून सुरुवात करा. आणि जाताना मिसेसना बरोबर न्या. रात्री तुमचा श्वास थांबतो की नाही, हे डॉक्टरांना त्याच सांगू शकतील.